हवेतली राहदारी

आमच्या शाळेत भूगोलाच्या कपाटावर धुळीने माखलेला एक पृथ्वीगोल असे. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षे लोटली होती तरी त्याच्यावरचा हिंदुस्थान अजून साम्राज्याच्या तांबड्या रंगातच होता आणि कराची अजून आपल्याकडेच होती. एके दिवशी मास्तरांनी तो खाली काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि खिशातून शिवणाचा पांढरा दोरा काढून त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर दाबून धरीत तो ताणला. आम्हां मुलांची समजूत अशी की, भिंतीवरच्या नकाशात आगबोटीची जी तुटक रेघ अरबी समुद्र, एडन आणि सुवेझ यांवरून गेलेली दिसते तिच्याच आसपास हा दोरा पडणार. प्रत्यक्षात तो कच्छावरून उठला, सिंध-बलुचिस्तान ओलांडून इराणात शिरला, कॉकेशस पर्वतावरून काळ्या समुद्राची कड धरून युक्रेन आणि पोलंड यांच्या माथ्यावरून जाऊन इंग्लंडात उतरला, आणि समुद्र म्हणण्याजोगे पाणी त्याला वाटेत फारसे लागलेच नाही. ‘दोरा सरळ आहे खरा, पण या वाटेने अजून कोणी गेलेला नाही,’ एवढे बोलून मास्तरांनी दोऱ्याची गुंडी करून ती पुन्हा खिशात घातली.

त्या दोऱ्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ३,८९० सागरी मैलांच्या घरात भरते, आणि त्याचा मध्यबिंदू जॉर्जिया, आर्मेनिया व अझरबैजान यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात त्या डोंगराळ मुलखात पडतो. ही लांबी कोणी घटवू शकत नाही व वाढवूही शकत नाही. असे असता मुंबईहून लंडनास जाणाऱ्या माणसाने गेल्या दोनशे वर्षांत जे अंतर प्रत्यक्ष कापले ते एकदाही या दोऱ्याएवढे नव्हते. याचे कारण केवळ यंत्रांच्या दुबळेपणात शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. मला ते निम्मेच खरे वाटते. उरलेले निम्मे कारण आपल्या जुन्या दप्तरांतील एका शब्दात सापडते, तो शब्द म्हणजे राहदारी. कोणाच्या मुलखातून माल अथवा माणूस जावयाचा तर त्याच्या चौकीवर दस्तक दाखवावे, जकात भरावी आणि वाट मागावी, हा जो रिवाज पेशवाईत घाटाघाटांवर चालत असे, तोच आभाळात जाऊन बसला, आणि मुंबई-लंडनच्या हवाई वाटेचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी त्या चौक्यांचा इतिहास होय.

विमानाच्या आधीची हकीकत थोडक्यात सांगून टाकणे बरे. राघोबादादांनी आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी हणमंतराव नावाच्या वकिलाला विलायतेस धाडले, आणि पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या बाजूने रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये ठाण मांडून बसले; या माणसांच्या लेखी विलायत किती मैलांवर आहे हा प्रश्नच नव्हता, किती महिन्यांवर आहे एवढाच काय तो होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा रस्ता वीस हजार किलोमीटरांच्या घरात जाई. तो टाळावा म्हणून मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुवेझच्या रोखाने निघाली, आणि तिची गंमत अशी की, तिच्या पोटात कोळसा मावे तो पाच-साडेपाच दिवसांपुरता, तर एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुपटीचा; तेव्हा उतारूंच्या खोल्यांतूनही कोळसा भरून, पाण्याला जवळजवळ टेकलेल्या काठानिशी तिला हाकारावे लागले. ३३ दिवसांनी ती सुवेझला लागली, त्यांतले पुष्कळ दिवस बंदरोबंदरी कोळसा भरण्यातच गेले. १८६९ साली कालवा खुला झाला, मुंबई-लंडनचा जलमार्ग साडेअकरा हजार किलोमीटरांवर आला, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बॅलार्ड पिअरवर विलायती डाक उतरे ती दोन आठवड्यांची शिळी असे. त्या काळच्या हिशेबाने ही ताजीच म्हणावयाची.

विलायतेहून हिंदुस्थानात उडत आलेले पहिले विमान हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान होते. १३ डिसेंबर १९१८ रोजी इंग्लंडातून निघून, अडखळत, जानेवारीच्या मध्यास ते कराचीला पोहोचले. कराचीलाच का, याचे उत्तर नकाशावर एक नजर टाकताच मिळते: पश्चिमेकडून येणाऱ्याला या देशाचा पहिला उंबरठा तोच लागे. समुद्रमार्गाच्या दिवसांत मुंबईला जो मान होता, ‘हिंदुस्थानचे महाद्वार’ म्हणून अपोलो बंदरावर ज्याची कमान १९२४ साली उभी राहिली, तो मान हवेच्या बाबतीत कराचीने सहजगत्या उचलला. ज्या वर्षी दगडी दरवाजा बांधून झाला त्याच सुमारास दुसरे दार भलतीकडे उघडत होते, आणि त्या वेळी मुंबईकरांना याची विशेष जाणीव झालेली दिसत नाही.

३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन ते कराची अशी नियमित सेवा सुरू केली. पल्ला सुमारे ५,००० मैलांचा, मुदत सात दिवसांची आणि भाडे १३० पौंड. या प्रवासाचा तपशील जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण द्राविडी प्राणायामाचे इतके शुद्ध उदाहरण दळणवळणाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. क्रॉयडनच्या विमानतळावरून निघालेले दुपंखी विमान उतारूला स्वित्झर्लंडात बाझेल येथे नेऊन सोडी. तेथे तो आगगाडीत बसे आणि आल्प्सच्या पोटातून जेनोआला जाई. एक तर आल्प्स ओलांडण्याची त्या विमानांची छाती नव्हती, आणि दुसरे, फ्रान्सच्या बाजूने हवेतून आत येणाऱ्या ब्रिटिश विमानांना इटलीच्या सरकारची मनाई होती. जेनोआच्या बंदरात पाण्यावर उतरणारे विमान त्याची वाट पाहत असे. ते भूमध्य समुद्रावरून टप्प्याटप्प्याने अलेक्झांड्रियाला पोहोचवी. तेथून पुढे तीन इंजिनांचे ‘हर्क्युलीस’ विमान गाझा, रुटबा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगे, जास्क आणि ग्वादर अशा चौक्या घेत कराचीला टेकत असे. विमान-प्रवासाचे तिकीट काढलेला मनुष्य एक रात्र रेल्वेच्या डब्यात काढतो यात कंपनीला काही वावगे वाटत नव्हते, आणि बहुधा उतारूलाही वाटत नसावे. निदान त्या एका रात्री त्याला झोप तरी मिळत असेल.

या मार्गातील रुटबा हे ठिकाण मला विशेष मोहविते. सिरियाच्या वाळवंटात, कोणत्याही गावापासून शेकडो मैल दूर, विहिरींच्या आधाराने बांधलेला हा चौकोनी किल्ला: तटाला बुरूज, वेशीवर पहारेकरी, आणि आत लंडनच्या उतारूंसाठी भोजनगृह व बिछाने. वाळवंटात दिशा चुकू नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाने १९२१ साली कैरो-बगदाद टपालाची वाट आखली, तेव्हा मोटारी हाकून चाकोरी पाडली होती आणि जेथे चाकोरी उमटेना तेथे चक्क नांगर धरून जमिनीत तास ओढले होते; वैमानिक खाली मान घालून त्या तासावर नजर ठेवीत उडत. आपल्याकडे शेताचा बांध कोठून जातो यावर भाऊबंदकी होते. तिकडे शेकडो मैलांवर नांगराची रेघ गेली, ती मात्र पेरण्यासाठी नव्हे. त्या रेघेला जो बाक असेल तोच बाक विमानाच्या वाटेला. मुंबई-लंडनचे हवाई अंतर काही काळ असे नांगराने मोजले गेले.

इंग्रज सरकारच्या मनात त्याच वेळी दुसरा बेत शिजत होता. विमानाने एक-एक ओढा ओलांडावा तसा एक-एक देश ओलांडण्याऐवजी एका प्रचंड हवाई जहाजातून मध्ये एकच मुक्काम करून कराची गाठावी, म्हणजे परक्यांच्या उंबरठ्यांची मनधरणी पुष्कळच वाचेल, असा तो मनसुबा. त्यासाठी कराचीत लोखंडी पत्र्याची एक अवाढव्य वखार आधीच बांधून ठेवली होती. तिथले लोक तिला ‘काला छपरा’ म्हणत. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ हे हवाई जहाज ५४ माणसे घेऊन इंग्लंडातील कार्डिंग्टन येथून या छपराच्या दिशेने निघाले, आणि मध्यरात्र उलटल्यावर दोन तासांनी, उत्तर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ एका टेकाडावर आदळून जळून गेले. ४८ जण प्राणास मुकले. हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन हे त्यांतलेच एक. योगायोग असा की, त्याच ४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या आगबोटीने मुंबईहून निघाले होते, आणि सुमारे पंधरवड्याने ते सुखरूप लंडनला पोहोचले. ज्यांना घाईने पूर्वेला यावयाचे होते ते एका रात्रीत संपले. जो कोट्यवधी लोकांचे गाऱ्हाणे घेऊन पश्चिमेला चालला होता त्याला समुद्राने संथपणे पण नेमाने पोहोचविले. काला छपरा मात्र कोणत्याही हवाई जहाजाला आसरा न देता तसाच उभा राहिला आणि पुढे तीसएक वर्षांनी मोडीत निघाला.

इकडे इंपीरियल एअरवेजच्या चालत्या गाड्याला इराणने खीळ घातली. बुशहर, लिंगे, जास्क ही ठाणी इराणच्या किनाऱ्यावरची. तेथे उतरण्याचा परवाना मुदतीचा होता आणि मुदत संपताच शहाच्या सरकारने तो पुढे चालविण्यास नकार दिला. १९३२ साली वाट आखाताच्या पलीकडच्या, अरब किनाऱ्यावर गेली, आणि शारजाच्या शेखांशी करार होऊन तेथे तळासाठी जागा व उतारूंसाठी गढीवजा विश्रामगृह तयार झाले. शेखांना द्यावयाचे दरमहा भाडे रुपयांत ठरले होते, हे आजच्या वाचकाला नवल वाटेल. पण त्या किनाऱ्यावर तेव्हा आपलाच रुपया चालत असे. मोत्यांचा धंदा बसत चाललेल्या त्या मुलखात हा रुपया कोणत्या मोलाचा ठरला असेल याची कल्पना करता येते. विमानाच्या दृष्टीने पाहू गेल्यास मात्र काय घडले, तर एका सरकारच्या नकाराने वाट वाकली आणि दुसऱ्या सत्तेच्या होकाराने ती पुन्हा जुळली. त्यात मैल किती वाढले हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मुंबई या साऱ्यात कोठे होती? विलायती हवाई टपाल आठवड्याला कराचीत पडे आणि तेथून दक्षिणेकडची पत्रे आगगाडीच्या लांब वळशाने मुंबई-मद्रासकडे येत. म्हणजे पाच हजार मैल हवेतून आलेले पत्र शेवटच्या साडेपाचशे मैलांत पुन्हा जमिनीवर रखडत असे. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलाच्या माजी वैमानिकाला ही फट दिसली, जे. आर. डी. टाटांना ती पटली. टाटांच्या पेढीतील ज्येष्ठ अधिकारी पीटरसन यांच्या शिफारशीने दोराबजी टाटांनी दोन लाख रुपयांची रक्कम घालण्यास संमती दिली, आणि सरकारने अनुदानाला नकार दिल्यामुळे काही वर्षे खलित्यांच्या घोळात गेली. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान घेऊन टाटा स्वतः निघाले. बरोबर २५ किलोंच्या आसपास टपाल, दुसरा मनुष्य नाही, आणि बिनतारी यंत्रही नाही. वेग ताशी शंभर मैलांचा. अहमदाबादला पेट्रोल घेण्यासाठी उतरले तेव्हा चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणावे: धुळीत उभा केलेला, पुरुषभर उंचीचा, कापड ताणून बांधलेला तो यंत्रपक्षी; शेजारी जुवाखाली मान हलवीत उभी असलेली बैलांची जोडी; आणि एक-एक डबा उचलून ओतणारे हात. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला उतरले, आणि व्हिन्सेंट दुसऱ्या विमानातून मद्रासचे टपाल घेऊन बेल्लारीच्या रोखाने पुढे गेले.

जुहूचा तो तळ म्हणजे समुद्राला लागून असलेली चिखलाची सपाटी. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती कडक आणि निर्मळ. पण पावसाळ्यात भरतीच्या पाण्याखाली जाई, आणि मग सगळा संसार गुंडाळून टाटांची विमाने चार महिने पुण्याला जात. म्हणजे जगाच्या हवाई नकाशावर मुंबईचे स्थान मृगापासून हस्तापर्यंत पुण्याला असे! पेशव्यांच्या काळी मोहीम दसऱ्याला निघावयाची आणि पावसाळ्यापूर्वी परतावयाची, त्याच पंचांगाने नवे विमान बांधले गेले होते. एवढे असूनही पहिल्या वर्षी या सेवेने १,६०,००० मैलांचे उड्डाण केले आणि ६०,००० रुपयांचा नफा मिळविला. लंडनहून निघालेले पत्र आता आठ-नऊ दिवसांत मुंबईच्या पेढीवर पडू लागले.

त्यानंतरच्या काळातील पाण्यावरच्या विमानांची हकीकत मोठी रम्य आहे. १९३८ च्या सुमारास ही प्रचंड विमाने कराची सोडल्यावर राजसमंदाच्या तलावात आणि ग्वाल्हेरच्या सरोवरात उतरत कलकत्त्याकडे जात. पण त्यांच्या वाटेतही मुंबई नव्हती, तेव्हा त्या हकीकतीचा मोह येथे आवरला पाहिजे.

मुंबईला हवाई महाद्वार केले ते फाळणीने. १५ ऑगस्ट १९४७ ला कराची परक्या देशात गेली आणि महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेला सांताक्रूझचा तळ एकाएकी भारताचा पश्चिम उंबरठा झाला. टाटा एअरलाइन्स आता एअर-इंडिया झाली होती. ८ मार्च १९४८ रोजी सरकारच्या ४९ टक्के भागीदारीने ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली, आणि ८ जून १९४८ च्या मंगळवारी रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ उतारू घेऊन कॅप्टन गुझदर यांच्या हाताखाली कैरो व जिनिव्हा मार्गे लंडनला निघाले. ५,००० मैलांचा पल्ला सुमारे २४ तासांत आटोपला. भाडे १,७२० रुपये. एका शतकापूर्वी रंगो बापूजींना पोटाशी धरून बसावे लागले ते अंतर एका अहोरात्रात आले. मात्र मार्ग पाहावा: कैरो, जिनिव्हा, लंडन. इराण नाही, कॉकेशस नाही, कराचीही नाही. मास्तरांच्या दोऱ्यापासून हे विमान दक्षिणेला शेकडो मैल दूर होते, आणि दोऱ्याचा उत्तर भाग तर तेव्हा सोव्हिएत संघाच्या पोटात होता. तेथे राहदारी मागण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नसेल.

या दक्षिणेकडच्या वाटेने आपली जकात फार निष्ठुरपणे वसूल केली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून कैरो मार्गे जिनिव्हाला उतरत असता माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ माणसे गेली. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, ‘कांचनगंगा’ नावाचे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली-बैरूत करीत जिनिव्हाला येताना त्याच पर्वतावर आदळले. ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. बर्फनदी आपल्या गतीने खाली सरकते आणि पोटातले एक-एक वर आणून टाकते: २०१२ साली परराष्ट्र खात्याच्या टपालाची थैली सापडली, २०२० साली इंदिरा गांधी पंतप्रधानपदी निवडून आल्याच्या बातमीची वर्तमानपत्रे सापडली. मुंबईहून निघालेल्या टपालात एवढ्या उशिरा पोहोचलेले दुसरे नसेल.

१९६० साली जेट विमाने आली, वेग जवळजवळ दुप्पट झाला, आणि पुढे एका दमात मुंबईहून लंडन गाठणारी विमाने आली तेव्हा काळाचा हिशेब तासांवर आला: जाताना साडेनऊ-दहा तास, येताना साडेआठ-नऊ. हा एका तासाचा फरक पाहून पुष्कळांचा गोंधळ होतो. दोन ठिकाणांतले अंतर जाताना एक आणि येताना दुसरे असे असत नाही; पण तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वारे आहेत, ते येताना पाठीशी असतात आणि जाताना छातीवर. घड्याळाचा घोळ निराळाच. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे वेळापत्रकात निघण्याची व पोहोचण्याची वेळ पाहून वजाबाकी करणारा हमखास फसतो. आमच्या आधीच्या पिढीची पंचाईत याहून बिकट होती, कारण मुंबईच्या काही घड्याळांवर १९५५ पर्यंत ‘बाँबे टाइम’ चालत असे, आणि तो भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता. विमान पकडावयास निघालेल्या माणसाने कोणत्या मनगटावर भरवसा ठेवावा?

यंत्राची अडचण संपली, तरी दोरा सरळ पडला नाही. १९४४ च्या डिसेंबरात शिकागो येथे झालेल्या करारनाम्याचे पहिलेच कलम असे आहे की, प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या हवेवर संपूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. राहदारीची ही जागतिक सनद. तिच्या जोरावर भारताने १९७१ च्या फेब्रुवारीत, ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर, पाकिस्तानी विमानांना आपल्यावरून जाण्यास बंदी केली. तिच्याच जोरावर पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आभाळ मिटले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांपुरते पुन्हा मिटले. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे, युक्रेनवरची हवा २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. गेल्या खेपेस नातवाकडे जाताना समोरच्या पडद्यावरील नकाशा मी डोळे ताणून पाहत होतो: विमान मुंबईहून उठून थेट पश्चिमेला समुद्रावर गेले, अरबस्तानावरून मिसरच्या बाजूला वळले, आणि भूमध्य समुद्र ओलांडून मग उत्तरेकडे चढले. शेजारच्या तरुणाला मी म्हटले की, ही तर १९४८ सालची वाट. त्याने कानातली बोंडे काढून मला पुन्हा विचारले, आणि मी पुन्हा सांगितल्यावर हसून पडदा बंद केला. दहा तासांच्या वर लागले. मास्तरांचा दोरा त्या वेळी आमच्या उजव्या हाताला, फार दूर, राहिला होता.

टाटांनी त्या पहिल्या उड्डाणाची पुनरावृत्ती वयाच्या ७८ व्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ‘लेपर्ड मॉथ’ विमान घेऊन केली. १९३२ साली कराची ते जुहू हा एकाच मुलखातला प्रवास होता. या खेपेला दोन देशांची हद्द ओलांडावी लागली. कराची आणि मुंबई यांमधले हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. आज त्या दोन शहरांच्या दरम्यान एकही प्रवासी विमान थेट जात नाही. जावयाचेच झाले तर दुबईवरून जावे लागते, आणि ते अंतर ३,१०० किलोमीटर भरते.